जाड तार, दोनदा

पितळी वाद्यं वाजवणाऱ्या माणसांच्या शेजारी कधी बसू नका. लोकांना पुढून दिसतं ते चकचकीत पितळ आणि काळे कोट. मागून मला दिसते ती थुंकी. वाजवून वाजवून नळीत साठते, मग ते एक छोटी खिट्टी दाबतात आणि सरळ जमिनीवर सोडतात. त्यातल्या एकाने एकदा माझ्या बुटाशेजारी सोडली आणि वर म्हणतो, "थुंकी नाही गं, वाफेचं पाणी आहे." म्हटलं, काका, मग प्या.

आई मला तेव्हापासून मागं बसू देत नाही. घरीही ठेवत नाही. मी शाळा सोडल्यापासून तिला वाटतं, एकटी राहिले तर मी घर पेटवेन. म्हणून ती जाईल तिथे मी, तिच्या व्हायोलिनची पेटी उचलून.

आई शहराच्या मोठ्या वाद्यवृंदात व्हायोलिन वाजवते. शेवटच्या रांगेत, आतल्या खुर्चीवर. आतली खुर्ची म्हणजे काय ते सांगते. दोघांत एक स्टँड असतो. बाहेरचा माणूस प्रेक्षकांकडे, तो वाजवतच राहतो. आतल्याने पान संपत आलं की वाजवणं थांबवायचं, हात लांब करून पान उलटायचं आणि परत गाडी पकडायची. सगळ्यात जोरदार जागा नेमकी पानाच्या शेवटी येते. म्हणजे बाकीचे झोडपत असतात तेव्हा माझी आई कागद उलटत असते. माझ्या जन्माच्या आधीपासून. हनुवटीखाली तिला व्हायोलिनचा काळपट डाग पडलाय, दुकानदार बायका तो बघून एकमेकींना डोळे मारतात. डाग मिळाला, खुर्ची नाही.

यंदा पहिल्या रांगेतली बाहेरची खुर्ची रिकामी झाली. तिथल्या आजोबांचा खांदा गेला. वसंतातले कार्यक्रम तोंडावर आलेले, बाहेर खांबाखांबावर फुलांची चित्रं असलेली पोस्टरं लागलेली, आणि पहिल्याच कार्यक्रमात त्या खुर्चीला एकट्याने वाजवायचा एक तुकडा होता. परीक्षा ठेवली.

"यंदा नाही झालं तर संपलं," आई म्हणाली. "पुढच्या वेळी माझ्यापुढे विशीतली पोरं असतील."

"मग यंदा घे."

"ती काय भाजी आहे, घे म्हणायला?"

परीक्षेची पद्धत भारी आहे. मधे जाड पडदा. परीक्षक पलीकडे. वाजवणाऱ्याने बूट काढायचे, म्हणजे टाचेच्या आवाजावरून बाई की पुरुष कळणार नाही. खाली गालिचा. बोलायचं नाही, खोकायचंही नाही. फक्त चिठ्ठीत आलेला नंबर. सगळे झाले की नंबर मोठ्याने जाहीर करायचा आणि मगच पडदा सारायचा. एकदा जाहीर केला की मागे घेता येत नाही. हे ऐकून मला आयुष्यात पहिल्यांदा मोठ्या माणसांबद्दल बरं वाटलं होतं. ते सकाळपर्यंतच टिकलं.

परीक्षेच्या सकाळी मी जिन्याखाली बसले होते, कारण वसंतामुळे बाहेरच्या झाडांची पिवळी भुकटी सगळीकडे उडत होती आणि सगळी इमारत शिंकत होती. वरच्या पायऱ्यांवर कांडीसर आले. कांडीसर म्हणजे पुढे उभं राहून कांडी हलवतात ते. नाव मी ठेवलंय. त्यांच्याबरोबर त्यांचा होणारा जावई. हा पण व्हायोलिनवाला, केसांना इतकं तेल की माशी बसली तर घसरेल.

"सूर लावून झाला की खालची जाड तार," कांडीसर हळू म्हणाले. "बोटाने. दोनदा. टण, टण."

"आणि मग सुरू करू?"

"मग काय, आरती करतोस? सुरू कर. आणि घाम पूस, माझ्या मुलीसमोर असा जाऊ नकोस."

बूट काढा, गालिचा घाला, खोकू नका, आणि हे. मी धावत आईकडे गेले. ती वाद्यं ठेवायच्या खोलीत सराव करत होती, कारण बाकीच्यांसमोर बसलं की तिचे हात गार पडतात. मी सगळं सांगितलं.

तिने गज खाली केला.

"कुणाला बोललीस?"

"आता तुला."

"मग माझ्यापाशीच थांबव. मी वाजवणार, एवढंच. तू तोंड उघडलंस तर आधी मला काढतील."

"आई, तो तेलकट..."

"जा बाहेर. माझे हात गार पडतायत."

राग माझ्या नाकावर असतो हे मला शाळेतल्या प्रत्येक बाईने सांगितलंय. मी तशीच उमेदवारांच्या खोलीत गेले. तिथे तिघे होते. उंटकाका, म्हणजे पहिल्या रांगेतच आतल्या खुर्चीवर बसणारे, लांब मानेचे, सगळ्यांशी गोड. सर्दी झालेली एक ताई. आणि एक गोरा लठ्ठ मुलगा, तो सारखा हातरुमाल चावत होता. जावईबापू तिथे नव्हते. ते सासऱ्याच्या खोलीत पंख्याखाली.

"निरोप आहे," मी म्हटलं. आवाज अगदी ऑफिसातल्या माणसासारखा काढला. "सूर लावून झाला की खालची जाड तार बोटाने दोनदा वाजवायची. म्हणजे आतल्यांना कळेल तुम्ही तयार आहात."

"हे नवीनच," सर्दीताई म्हणाली.

"बोलायचं नाही ना, म्हणून."

"बरोबर आहे," उंटकाका म्हणाले. "बरं झालं सांगितलंस बाळा."

लठ्ठ मुलाने लगेच टण टण करून बघितलं. सर्दीताईने पण. काकांनी तर चार वेळा केलं. मला वाटलं मी फटाका लावलाय आणि आता फक्त कान झाकायचे. सगळ्यांनी खूण केली म्हणजे खूणच मेली. मग त्यांना ऐकावंच लागेल, आणि ऐकलं की आई. इतकं सोपं.

मी मागच्या जिन्याने गॅलरीत चढले आणि कठड्याआड आडवी झाले. वरून मला दोन्ही बाजू दिसत होत्या. पडद्याच्या इकडे वाजवणारा, तिकडे तिघे परीक्षक. मधे कांडीसर. एका बाजूला मॅनेजर, त्याला व्हायोलिन आणि भोपळा यातला फरक कळत नाही हे सगळ्यांना माहीत आहे. दुसऱ्या बाजूला मोठ्या बाई, सगळ्या व्हायोलिनवाल्यांच्या प्रमुख. त्यांचे डोळे झाडांच्या भुकटीने लाल झालेले, नाक रुमालात.

पहिला लठ्ठ मुलगा. पायमोजे घालून आला, सूर लावला, टण, टण.

कांडीसर खुर्चीत मागे रेलले. हसले. बाकीचं त्यांनी ऐकलंच नाही, नखं बघत बसले.

दुसरी सर्दीताई. टण, टण.

सर पुढे सरकले.

तिसरे उंटकाका. टण, टण. मला सुरातलं काही कळत नाही, पण काकांनी वाजवलं तेव्हा मोठ्या बाईंनी रुमाल खाली घेतला होता. हे मी बघितलं. कांडीसरांनी नाही बघितलं, ते पडद्याकडे असे बघत होते की जणू पडद्याने त्यांचं पाकीट मारलंय.

चौथा जावई. तेल वरूनही चमकत होतं. टण, टण. तोवर सरांच्या कपाळावर घाम आला होता. मला हसू आवरेना, मी बाही तोंडात कोंबली.

शेवटची आई. अनवाणीच आली. पायमोज्याला भोक होतं, मला माहीत होतं. सूर लावला. थांबली. आणि सरळ वाजवायला लागली.

सरांचं तोंड आधी उघडं राहिलं. मग हळूहळू, वरून मला सगळं दिसत होतं, त्यांच्या चेहऱ्यावर ते हसू परत आलं. त्यांनी मांडीवर थाप मारली. मला कळायला दोन श्वास लागले. त्यांना वाटलं होतं, पोराने बाकीच्यांचं ऐकलं, खूण फुटली हे ओळखलं आणि मुद्दाम हात आवरला. आपला जावई हुशार निघाला.

वाजवून झालं.

"शेवटचा," सर म्हणाले. "प्रश्नच नाही. काय जोर आहे! हा पुरुषाचा हात आहे, ऐकताक्षणी कळतं."

"तुम्ही म्हणाल तसं," मॅनेजर म्हणाला.

मोठ्या बाईंनी तोंड उघडलं, आणि त्यांना शिंक आली. मग दुसरी. मग त्यांनी हात हलवला, असू दे, असं.

मॅनेजरने नंबर ओरडून जाहीर केला. पडदा सारला. पडद्यामागे माझी आई, अनवाणी, भोक लपवायला काढलेले पायमोजे खिशातून बाहेर लोंबतायत.

सरांचा चेहरा मला मरेपर्यंत पुरेल. पण जाहीर ते जाहीर. त्यांना टाळी वाजवावी लागली.

मला नाचायला पाहिजे होतं. मी कठड्याआडच पडून राहिले. आईला जागा मिळाली ती पुरुष समजून, तेही तेलकट पुरुष. चांगलं वाजवलं की वाईट, ते कुणी ऐकलंच नव्हतं. मीही नाही. मी सरांचं तोंड बघत होते.

घरी आई रडली, मग हसली, मग माझा गाल ओढून म्हणाली, "बघितलंस? आता तूही शाळेत जायचं. नीट केलं की मिळतं."

पहिला कार्यक्रम रविवारी दुपारी होता. आई पुढे, बाहेरच्या खुर्चीवर. तिची पानं उंटकाका उलटत होते. तिचा एकटीचा तुकडा आला, गेला, लोकांनी टाळ्या वाजवल्या. लोक तर खुर्ची मोडली तरी वाजवतात. मग एका पानाला काकांना जरा उशीर झाला, आणि आईने वाजवता वाजवताच त्यांच्याकडे बघितलं. जसं तिच्याकडे इतकी वर्षं बघायचे, अगदी तसं.

संपल्यावर मागच्या बोळात काका मला भेटले. "तुझी आई छान बसली हो तिथे," म्हणाले. खरंच म्हणाले, तेच तर वाईट. "आणि त्या दिवशी तू निरोप दिलास ते बरं केलंस. मी नाहीतर विसरलो असतो."

तेवढ्यात कांडीसर आले, गळ्यात हार नाही एवढंच बाकी. चार बायकांसमोर त्यांनी आईचा हात हातात घेतला.

"मी पडद्यातूनच ओळखलं होतं," ते म्हणाले. "काय हात आहे!"

"पुरुषाचा ना, सर?" मी म्हटलं.

सर असे गप्प झाले की जणू कुणी खिट्टी दाबली. बायका हसायच्या बेतात होत्या, पण कुणाकडे बघून हसायचं ते त्यांना कळेना. आईने माझं कोपर पकडलं आणि मला वाद्यांच्या खोलीत ओढत नेलं. दार लावलं.

"काय होतं ते?"

मग मी सगळं सांगितलं. गॅलरी, निरोप, मांडीवरची थाप, पुरुषाचा हात. सांगताना मला वाटत होतं ती आता कोसळेल, आणि मीच तिला धरीन.

ती व्हायोलिनवर सांडलेली गजाच्या राळेची पांढरी भुकटी फडक्याने पुसत होती. पुसतच राहिली.

"या भिंतीतून मंचावरचं सगळं ऐकू येतं," ती म्हणाली.

"काय ऐकू येतं?"

"टण, टण. मी इथेच बसले होते ना त्या दिवशी. पहिल्याने केलं तेव्हा म्हटलं, हा जावई. दुसरीने केलं. मग काकांनी. तेव्हा कळलं, माझं कार्टं बोललंय."

"म्हणजे तुला..."

"मी पण वाजवणार होते ती तार, सांगून ठेवते. रात्रभर नाही, पण सकाळभर तेच ठरवलं होतं. मग म्हटलं, सगळेच वाजवतायत तर न वाजवणाराच उठून दिसेल." तिने फडकं घडी केलं. "म्हणून हात आवरला."

तिच्या हनुवटीखालचा तो डाग ओला होता, घामाने.

"आणि काका?"

"काकांना आतली खुर्ची आहे की. मी किती वर्षं बसले आत? मेले का?"

"मग मला शाळेचं काय सांगत होतीस? नीट केलं की मिळतं?"

"तुला दुसरं काय सांगू?"

बाहेर कुणीतरी शिंकलं. कुणीतरी पितळी नळीतलं पाणी सोडलं, तो सूं आवाज मला ओळखू येतो.

"आई, पण तू वाजवलंस कसं? त्या दिवशी? चांगलं झालं होतं?"

तिने पेटीचे दोन्ही खटके लावले, ओढून बघितले आणि पेटी माझ्याकडे सरकवली.

"ते कुणी ऐकलंय," ती म्हणाली. "उचल."

मी उचलली नाही. पेटी तिथेच आमच्या दोघींच्या मधे राहिली. शेवटी आईनेच उचलली, खांद्याला लावली, दार उघडलं आणि समोर काका उभे होते ते बघून छान हसली.