लाल बादल्यांचा रविवार

गोल्फ क्लबात सभासद आणायचे कसे आणि आणलेले टिकवायचे कसे, या विचारात मॅनेजरने वर्षभर इतकं डोकं खाजवलं होतं, की आता तिथे खाजवण्यासारखं फारसं काही उरलं नव्हतं. पत्रकं वाटून झाली, फलक लावून झाले, पहिला महिना फुकट देऊन झाला. लोक यायचे, हिरवळ बघून हरखायचे आणि तासाभरात त्या इवल्याशा भोकापुढे घामाघूम होऊन घरी जायचे. त्यातून जुने सभासद व्हरांड्यात खुर्च्या टाकून बसलेले असायचे आणि कुणाचा चेंडू चुकला की हळूच खोकायचे. तो खोकला ज्याने एकदा ऐकला, तो पुन्हा म्हणून फिरकला नाही.

शेवटी अध्यक्षांनी निकाल लावून टाकला. रविवारी मैदान सगळ्यांना खुलं. संध्याकाळी पाचच्या ठोक्यापर्यंत पंचवीस नवे अर्ज आले, आणि प्रत्येकावर एका जुन्या सभासदाची सही असली, तर क्लब चालू. नाहीतर मैदान गोदामवाल्यांना. अध्यक्ष म्हणजे नाकावर माशी बसू न देणारे गृहस्थ, त्यांच्या ‘नाहीतर’ला अपील नव्हतं. मॅनेजरच्या तोंडचं पाणी पळालं. कुंपणाला लागून असलेलं त्याचं घर क्लबचं, त्याची नोकरी क्लबची, आणि मैदानाची निगा राखणारा माणूस हा त्याच्या बायकोचा सख्खा भाऊ. क्लब बुडाला असता तर सगळं घरच बुडालं असतं.

शनिवारी तो मेहुण्याला म्हणाला, "काहीही कर, पण सकाळी सातला नऊच्या नऊ भोकं नव्या जागी पाडलेली दिसली पाहिजेत."

या मेहुण्याला ‘काहीही कर’ असं कधी सांगू नये. लग्नात त्याला ‘काहीही करून पाहुणे बसव’ म्हटलं होतं, तेव्हा त्याने दारं काढून त्यांची बाकं केली होती. पण घाईत माणसाला असल्या गोष्टी आठवत नाहीत.

रविवारी सकाळी मॅनेजर चहाचा कप घेऊन पहिल्या झेंड्यापाशी गेला आणि कप तसाच हातात राहिला.

"हे काय आहे?"

"भोक," मेहुणा म्हणाला.

"हे भोक? अरे, यात मी मावेन!"

"नाही मावणार, भावोजी. पोटापाशी अडकाल." मेहुण्याने शांतपणे हात झटकले. "भोकं पाडायच्या हत्याराचं पातं काल मोडलं. मग रोपांचे खड्डे पाडायचं यंत्र आणलं. भोकात बसवायचा तुमचा तो छोटा डबा त्यात खुळखुळायला लागला, म्हणून आतून बादल्या बसवल्या."

"कुठल्या बादल्या?"

"आगीच्या. व्हरांड्यात वर्षानुवर्षं नुसत्या लटकत होत्या बिचाऱ्या."

मॅनेजरने कपाळाला हात लावला. नऊ झेंडे, नऊ लाल बादल्या! भोकं बुजवायला वेळ नव्हता, कारण फाटकाशी पहिली पाहुणी येऊन उभी राहिली होती. ती होती कोपऱ्यावरची शिंपीण, आणि ‘फुकट आहे ना?’ हे तिने आल्याआल्या दोनदा विचारून घेतलं.

शिंपिणीने तिसऱ्या फटक्याला चेंडू असा काही हाणला की तो आधी झाडाला, मग बाकाला लागला आणि घरंगळत झेंड्याकडे निघाला. सवयीप्रमाणे व्हरांड्यातल्या मंडळींनी खोकायला घसे साफ केले. तेवढ्यात आवाज आला: ढण्ण!

"गेला?" शिंपीण किंचाळली. "अहो, गेला की!" आणि तिने शेजारी उभ्या असलेल्या अनोळखी बसड्रायव्हरला मिठीच मारली. मग ड्रायव्हरचा गेला. मग दातांच्या डॉक्टरचा, तोही पाठमोरा असताना. ढण्ण, ढण्ण! रस्त्यावरचे लोक कुंपणावरून डोकावून विचारायला लागले, की आत चाललंय तरी काय. दुपारपर्यंत मैदानावर पाय ठेवायला जागा नव्हती. हसून हसून लोकांच्या पोटात दुखायला लागलं, आणि व्हरांड्यातला सगळ्यात जुना खोकणारा काठी टाकून स्वतःच रांगेत घुसला. जुने सभासद अर्जांवर डोळे झाकून सह्या करत सुटले. मॅनेजरला आभाळ ठेंगणं झालं. त्याने उत्साहात चक्क एक कोलांटी मारायला घेतली आणि पोटापाशी अडकला.

पावणेपाचला चोवीस अर्ज झाले होते. आणि नेमकी अध्यक्षांची गाडी आली.

अध्यक्ष उतरले. त्यांची बायको नेहमीसारखी गाडीतच विणत बसली. चाळीस वर्षं दर रविवारी ती अशीच बसायची. पण आज तिची सुई थांबली.

"हा आवाज कसला हो?" तिने मॅनेजरला विचारलं.

"बघायचाय, वहिनी?" मॅनेजरच्या तोंडून निघून गेलं.

ती उतरली. नववा झेंडा हाकेच्या अंतरावर होता. मेहुण्याने तिच्या हातात खेळायची काठी दिली. तिने लोकर काखेत धरली, डोळे मिटले आणि मारलं. चेंडू उडाला, वाटेवरच्या दगडावर आपटला, रुसल्यासारखा थांबला, आणि उतारावरून पुन्हा निघाला. ढण्ण!

पहिल्याच फटक्यात! अध्यक्षांना चाळीस वर्षांत हे एकदाही जमलं नव्हतं. असा फटका बसला की क्लबची पितळी घंटा वाजवायची, असा नियम होता, आणि लोक घंटेकडे धावलेही.

"थांबा!" अध्यक्ष गरजले. त्यांनी वाकून आत पाहिलं. "ही बादली आहे. हा खेळ धरता येणार नाही. यातला एकही अर्ज धरता येणार नाही."

"चूक माझी," मेहुणा पुटपुटला.

"भोक फार मोठं आहे," अध्यक्ष पुन्हा म्हणाले.

"चाळीस वर्षं लहान ठेवलंत ना?" त्यांची बायको म्हणाली. तिचा आवाज मुळीच चढला नव्हता. "कोण आलं? मी फाटकाशी बसून होते, मलासुद्धा आत यावंसं वाटलं नाही. तुम्हीच म्हणायचात, तुला जमायचं नाही. आज जमलं, तर म्हणताय भोक मोठं." ती मॅनेजरकडे वळली. "अर्ज द्या हो इकडे."

तिने अर्ज भरला आणि पेनसकट नवऱ्यापुढे धरला. जुन्या सभासदाच्या सहीची जागा कोरी होती. घड्याळात पाचला दोन मिनिटं होती. अध्यक्षांनी बादलीत पाहिलं, मग बायकोकडे पाहिलं. तिचे डोळे भरून आले होते, पण हात हलला नव्हता.

त्यांनी सही केली. मग गुडघ्यावर बसून बादलीत हात घातला, चेंडू काढला आणि कोटाला पुसून तिच्या हातात दिला.

घंटा तिनेच वाजवली, आणि दोरी तुटेपर्यंत थांबली नाही. मॅनेजर शिंपिणीच्या गळ्यात पडून लहान पोरासारखा रडला.

आठवड्याने नवं हत्यार आलं. सोबत अध्यक्षांची चिठ्ठी होती: प्रत्येक झेंड्यापाशी दोन भोकं ठेवावीत, एक नियमाचं आणि एक बादलीचं. आता सकाळी दोघं जोडीने खेळायला येतात. ती बादलीत मारते, ते नियमाच्या भोकात. निदान सांगतात तरी तसं. परवा मेहुण्याने कुंपणाआडून ऐकलं: आधी एक ढण्ण. मग कुणीतरी इकडेतिकडे बघून घ्यावं एवढी शांतता. आणि मग दुसरा ढण्ण.