परवानेवाली आत्या

गल्लीत कुणाचा पंखा अडला, कुणाचा फ्यूज उडाला, की हाक आत्यालाच. खरं तर ती फक्त दादाच्या मुलांची आत्या. मुलं मोठी होऊन पांगली, पण नाव मात्र तिला चिकटलं ते चिकटलंच. पन्नाशी ओलांडलेली, नाकावर माशी बसू न देणारी बाई. "वीज मला ओळखते," असं म्हणत बेधडक कुठेही हात घालायची.

शिंप्याने नवं दुकान घेतलं. वायरिंग आत्याने झकास करून दिलं. पण मीटर बसवायला आलेला साहेब म्हणाला, "काम चांगलंय, पण परवाना असलेल्या माणसाची सही हवी." शिंपी आत्याकडे बघायला लागला आणि आत्या भिंतीकडे.

"ह्या वयात परीक्षा देऊ?" ती घरी येऊन फणफणली.

"नाहीतर शिंप्याला कंदील नेऊन दे," दादा म्हणाला. तिचा हा थोरला भाऊ निवृत्त मास्तर; बल्ब बदलायचा तरी बहिणीची वाट बघणारा. पण घोकून घेण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. स्वयंपाक करता करता त्याने तिच्याकडून सगळे नियम पाठ करून घेतले.

तोंडी परीक्षेत आत्या धडाधड बोलली. मग प्रात्यक्षिक. परीक्षक बाईंनी एक बिघडलेला दिवा दाखवला. आत्याने बटण बंद केलं आणि होल्डर उघडायला हात पुढे केला.

"थांबा," बाई म्हणाल्या. "टेस्टर लावलात?"

"बटण बंद केलं की."

"बटण बंद म्हणजे वीज गेली, हे कुणी सांगितलं?" बाईंनी स्वतः टेस्टर टेकवला. तो लख्ख पेटला. बटण मुद्दाम चुकीच्या तारेवर जोडलं होतं. आत्या नापास.

घरी आल्यावर तिने परीक्षक बाईंच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. दादाने ऐकून घेतलं आणि विचारलं, "आजवर किती झटके बसले असतील तुला?"

"कोण मोजतंय!"

"सांगतेस मात्र पदक मिळाल्यासारखं. मी प्रत्येक वेळी तू परत येईपर्यंत दाराशी उभा असतो."

आत्याला हे ठाऊकच नव्हतं. तिने उठून चहा टाकला आणि त्याचा कप आधी भरला.

पुढच्या खेपेला तिने आधी मेन स्विच बंद केला, मग टेस्टर लावला, मगच पेचकस उचलला. बाई गालात हसल्या. परवाना आला, आत्याने शिंप्याच्या वायरिंगचा एकेक जोड पुन्हा तपासून सही केली, आणि दुकानात दिवे लागले.

दुसऱ्याच दिवशी लाँड्रीवाला हजर. "जुन्याच तारेवर अजून दोन इस्त्र्या जोडून दे ना, आत्या."

"तार बारीक आहे, जळेल."

"मागे तर दिली होतीस जोडून."

"मागे मी नुसती आत्या होते," ती म्हणाली. "आता सही माझी असते, काही झालं तर नाव माझं येतं. जाड तार आण, मग येते."

लाँड्रीवाला पाय आपटत निघून गेला. "शिंगं फुटली हिला," असं गल्लीभर सांगत सुटला. दोन दिवस आत्याकडे कुणी फिरकलं नाही. तिसऱ्या दिवशी तोच खांद्यावर जाड तारेचं भेंडोळं घेऊन दारात उभा राहिला. तोंड एवढंसं केलेलं.

"चप्पल घालते," आत्या म्हणाली, "तोवर तू जाऊन मेन बंद कर."