पायावरच्या अकरा खाचा

मी एक जुना बिडाचा टोप आहे. तीन पाय, जड झाकण, पोटात साठ माणसांचं जेवण. मित्रांनो, वितळलेलं लोखंड वाळूच्या साच्यात ओतलं आणि मी झालो. दक्षिण आफ्रिकेतल्या कोमानी गावातल्या अकरा बायकांच्या मयत-मंडळाने मला विकत घेतलं. त्यांच्यात कुणाकडे मयत झालं की मी चुलीवर चढायचो. मक्याच्या कण्या, घेवडा, मटण. लोक रडत यायचे, जेवून जायचे. मला घासताना बायका म्हणायच्या, "नवरा इतका राबला असता तर!" यापेक्षा मोठं कौतुक मला मिळालं नाही.

मयताच्या घरी दहा घरांची भांडी गोळा होतात. अदलाबदल नको म्हणून मंडळाने माझ्या मागच्या पायावर आतून कानशीने अकरा खाचा पाडल्या. बाईमागे एक.

मी राहायचो नोक्वांडाच्या अंगणात. ती लोकरीच्या वखारीत वजनाची कारकून आणि मंडळाची खजिनदार. महिन्याची वर्गणी तिच्याच बँकखात्यात जायची. मंडळाचं वेगळं खातं काढावं, हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही. विश्वास होता, मग कागद कशाला? चूक झाली ती इथे.

एके दिवशी वखारीतल्या लोकरीचे गठ्ठे कमी भरले. मालकाने बँकेतल्या ओळखीने नोक्वांडाचं खातं पाहिलं आणि ठरवूनच टाकलं. एवढे रँड कारकुनाकडे आले कुठून? म्हणजे हीच चोर. तिला विचारायचे कष्ट त्याने घेतले नाहीत. थेट कोर्टात गेला. कोर्टाने तिच्या सगळ्या मालमत्तेवर तात्पुरती जप्ती लावली. पुढच्या तारखेला आरोप टिकला, तर घर जाणार होतं.

कोर्टाचा माणूस सोलानी यादी करायला आला. पलंग, कपाट, मी. नोक्वांडा भिंतीला टेकून उभी होती. माझ्यावर चिठ्ठी चिकटवली आणि मी अंगणात गंजत पडलो. कालपर्यंत इथे जेवलेले शेजारी आता रस्ता बदलून जाऊ लागले. त्यांची तोंडं मी विसरलेलो नाही.

तारीख जवळ आली तेव्हा मंडळातल्या एकीचा नवरा गेला. मंडळाची म्हातारी माबेले सोलानीला हाताला धरूनच अंगणात घेऊन आली.

"हा टोप आमचा आहे. दे इकडे."

"आई, यादीत नोक्वांडाचा लिहिलाय."

"यादी तूच लिहिलीस ना, बाळा? टोप आडवा करून पाहिलास?"

"जड आहे हो."

"हो, पेन हलकं असतं. ते बरं झेपतं तुला."

त्याने मला आडवं केलं. माबेलेने शालीच्या टोकाने काजळी पुसली. त्याने खाचा मोजल्या, दोनदा.

"या अकरा बायका कोण?"

"ज्यांची वर्गणी तुम्ही नोक्वांडाच्या चोरीत धरलीत, त्या."

सोलानीने मला पुन्हा पायांवर उभं केलं. मग म्हणाला, "टोप मी यादीतून काढायला लावतो. पण बाकीचं मला नका सांगू, आई. न्यायाधीशांना सांगा. सगळ्याजणी जा."

त्या गेल्या. दहाजणी डोक्याला रुमाल बांधून पुढच्या बाकावर बसल्या. प्रत्येकीने बँकेत वर्गणी भरल्याच्या पावत्या आणल्या होत्या. खात्यातली जवळजवळ सगळी रक्कम त्यांची निघाली. आरोप सिद्ध झाला नाही, जप्ती उठली. हे मला चुलीजवळच्या गप्पांतून कळलं. गठ्ठे कुणी नेले ते अजून सापडलेलं नाही. ते शोधणं वखारीचं काम आहे.

आता मंडळाचं स्वतःचं खातं आहे. नोक्वांडा म्हणाली, "खजिनदार दुसरी नेमा." माबेले म्हणाली, "गप बस आणि कण्या ढवळ."

मित्रांनो, मला घासाल तेव्हा पायही घासा, काजळीखाली खाचा बुजतात. आणि माणसाचं नाव कुठल्याही यादीत लिहिण्याआधी त्याला एकदा विचारा. मला आडवं करायला तरी दोन हात लागतात. विचारायला तेवढेही लागत नाहीत.