लक्ष्मीकांतरावांचा दात

मोती अस्सल की नकली, हे देऊळगाव राजाच्या त्या गल्लीत सराफाला विचारायची पद्धत नव्हती. सराफाला तो विकायचा असतो, म्हणून त्याचा मोती नेहमी अस्सलच निघतो. विचारायचं ते लक्ष्मीकांतरावांना. कचेरीत तीस वर्षं लोकांच्या अर्जांत त्रुटी काढून ते निवृत्त झाले होते, आता दागिन्यांत काढत. मोती पुढच्या दातावर हलकेच घासायचा. खरखरला तर अस्सल, गुळगुळीत सरकला तर काच. निकालाआधी ते डोळे मिटून इतका वेळ घेत, की तेवढ्यात समोरच्या बाईला माहेरची सगळी माणसं आठवून जात.

अडचण एवढीच झाली, की गेल्या महिन्यात त्यांनी जालन्याला जाऊन कवळी बसवून घेतली. तंबाखूनं दात ठेवलेच नव्हते. गल्लीला मात्र ‘दात साफ करून आणले’ असं सांगितलं होतं. खरं काय ते बायको चारुलता आणि मुलगी गार्गी, दोघींनाच ठाऊक.

गार्गीचं लग्न नांदुऱ्याला ठरत आलं होतं. मुलगा तिनंच पसंत केलेला. त्या दिवशी मुलाची आई जयमालाबाई आपल्या सासूचा मोत्यांचा सर घेऊन आल्या. तो गार्गीच्या गळ्यात घालायच्या आधी त्यांनी लक्ष्मीकांतरावांच्या हातात दिला.

“भाऊ, तुमचं लय नाव आयकलं. पाहा बरं. सासूनं मले काय देल्लं होतं, थे मले बी कळन.”

लक्ष्मीकांतरावांनी सर उजेडात धरला. दाणे किंचित लहानमोठे, एकही पुरता गोल नाही, भोकांच्या कडा स्वच्छ, आणि आब अशी की आतून वर आल्यासारखी. डोळे ‘अस्सल’ म्हणत होते. पण डोळ्यांनी काय, कोणीही सांगेल. गार्गी मागून मानेनं नको नको म्हणत होती. त्यांनी मोती दाताला लावला. सरकला. दुसरा लावला. तोही लोण्यावरून गेल्यासारखा गेला.

डोळे मिटून त्यांनी नेहमीइतकाच वेळ घेतला.

“काच आहे.”

जयमालाबाईंनी चहाची बशी खाली ठेवली. “असं. आमच्या घरून काच आली म्हन्ता. मंग पुढचं बोलनं तरी कायले करता, भाऊ?” आणि त्यांनी पिशवी जवळ ओढली.

गार्गी उठून आत गेली आणि आईची नथ घेऊन आली. “बाबा, ही लग्नात तुम्ही स्वतः पारखून घेतलेली. हिचाही एक मोती लावून बघा.”

नाही म्हणायला जागा नव्हती. त्यांनी लावला. सरकला.

“का हो,” चारुलताबाईंनी शांतपणे विचारलं, “काय म्हणतेय?”

बत्तीस वर्षं ही नथ प्रत्येक हळदीकुंकवाला मिरवली होती. काच म्हणावं तर उद्यापासून जेवण बंद. अस्सल म्हणावं तर समोरचा सर काच कसा, ते सांगणं आलं. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी डोळे मिटले ते खरोखर विचार करायला. मग पाठ फिरवली, आणि वळले तेव्हा गाल आत गेले होते, रुमाल जड झाला होता.

“कवळीवर कळत नाही,” ते म्हणाले. शब्दांतून बरीच हवा गेली.

जयमालाबाईंनी पिशवी बाजूला ठेवली. “मंग आधी काऊन नाही सांगतलं? पोरीचं लग्न मोडाले निंगाले होते नं.” त्यांनी सर उचलून स्वतःच्या दातावर घासला. “खरखरून राह्यला. म्हातारीनं फसवलं नाही तं मले. आन् मी अठ्ठावीस वर्स तिले बोलत आली.”

सर गार्गीच्या गळ्यात पडला.

गल्लीत मोती अजूनही येतात. घासून बघतात चारुलताबाई. डोळे मिटून वेळ मात्र लक्ष्मीकांतरावच घेतात.