एक पोचा माफ

गाडीच्या विम्यात माफी मिळते, असं मल्लिनाथ म्हणाला तेव्हा मला हसू आलं. मल्लिनाथ माझा विमा एजंट. माणूस चांगला, पण सरळ एक वाक्य बोलेल तर शपथ. त्याच्याकडून एकेक शब्द ओढून काढला तेव्हा कळलं ते असं. वर्षभर विम्याकडे काही मागितलं नाही की पुढच्या हप्त्यात सूट मिळते. अशी वर्षं साठत गेली की सूट वाढत वाढत निम्म्यावर जाते. आणि एकदा का नुकसानभरपाई मागितली, की सूट शून्यावर. इतकी वर्षं जपून चालवलेली गाडी एका धडकेत पुन्हा पहिलीत जाऊन बसते. मात्र थोडे जास्त पैसे भरून सूट राखायचं कलम घेतलं, तर वर्षातला एक अपघात कंपनी माफ करते. नुकसानही भरून देते आणि सूटही शाबूत ठेवते.

"आन् दुसरा झाला तर?" मी विचारलं.

"दुसरा न्हाय, दादा. एकच. आन् कंपनी बदलायची न्हाय बरं का. दुसरीकडं गेलात की ही माफी तितं चालत न्हाय."

हे कलम मी घेतलं ते ऋतुजासाठी. ही माझी लेक. तिला दूध संघात नोकरी लागली होती. उजनी धरणाच्या काठाकाठानं गावोगावची दूध संकलन केंद्रं तपासत फिरायचं काम, आणि अट एकच, गाडी स्वतः चालवता आली पाहिजे. सोमवारी हजर व्हायचं होतं. लायसन मिळालं होतं, पण हात बसला नव्हता. "घाबरू नको," मी तिला म्हणालो, "तुझी एक चूक माफ हाय. लेखी हाय!"

ती चूक तिनं सोमवारच्या आधीच, बुधवारी, केमला केली. माझी आत्या बजाबाई तिथं राहते. तिला नोकरीचे पेढे द्यायला ऋतुजा एकटी गाडी घेऊन गेली, आणि निघताना मागं घेताना आत्याच्या दारात उभ्या असलेल्या उसाच्या ट्रॉलीवर जाऊन आदळली. मागचा दिवा फुटला, डिकीला हा एवढा पोचा पडला. ती रडत फोनवर सांगत होती. मी जे बोललो ते फोन नसता तरी केमला ऐकू गेलं असतं. "मागं बघायला डोळे न्हाईत का तुला? आता कुणी गाडीला हात लावायचा न्हाय! कंपनीचा सर्व्हेअर बघेपर्यंत गाडी हाय तशी राहिली पायजे! फोटो काढून पाठव!"

फोटो आला. त्यात तिचा अंगठा होता आणि ट्रॉलीचं चाक.

गाडी तिथंच सोडून ती रेल्वेनं घरी आली. आल्या आल्या म्हणाली, "मी नाही चालवणार आता. संघाला नाही म्हणून कळवते."

"अगं, डोकं फिरलं का तुझं? कंपनी एक चूक माफ करते. ते कलम कशाला घेतलंय?"

"कंपनी करते, पप्पा," ती म्हणाली आणि आत निघून गेली.

मला तेव्हा त्याच्याकडं लक्ष द्यायला वेळ नव्हता. मी कंपनीला फोन लावून बसलो होतो. मराठीसाठी अमुक दाबा, अपघातासाठी तमुक दाबा. मी दाबत होतो आणि आतून एक बाई गोड आवाजात माझा कॉल किती महत्त्वाचा आहे ते सांगत होती. इतका महत्त्वाचा, तर उचल की बाई! शेवटी एक पोरगा आला. म्हणाला, गाडी गॅरेजला आणा. म्हटलं, आणायला माणूस नाही, पोरगी स्टेअरिंगला शिवत नाही, मला रविवारशिवाय सुट्टी नाही. बरंच भांडल्यावर ठरलं की रविवारी सर्व्हेअर त्या बाजूला जाणारच आहे, तो केमला येऊन बघेल. मला वाटलं, जिंकलो. रविवारी माफी मंजूर होईल, तो कागद पोरीच्या हातात ठेवीन, सोमवारी ती निमूट गाडीत बसेल.

रविवारी सर्व्हेअर आणि मी आत्याच्या दारात पोचलो.

गाडी चकचकीत धुतलेली होती. बॉनेटवर हळद, पुढं फोडलेला नारळ, आरशाला लिंबू-मिरची. डिकीवरचा पोचा ठोकून ठोकून सपाट केलेला आणि त्यावर दाराच्या उरलेल्या ऑइलपेंटचा पांढरा हात. फुटलेल्या दिव्याच्या जागी ट्रॉलीचा लाल दिवा, तारेनं बांधलेला. आणि या सगळ्यावर केमचं कुंकू. आमच्या केममध्ये बनलेलं कुंकू गावोगाव जातं, त्यामुळं तिथल्या बायका ते चिमटीनं लावत नाहीत, मुठीनं लावतात.

सर्व्हेअरनं डिकीवर हात फिरवला, तो लाल झाला. रुमालाला पुसत त्यानं विचारलं, "नुकसान कुठंय?"

"ह्याच्या खाली हाय, साहेब!"

"खालचं मला कसं दिसणार? फुटलेला दिवा तरी दाखवा."

फुटलेला दिवा भंगारवाल्यानं नेला होता. हे सगळं करणारा धनाजी, गावातला ट्रॉल्या जोडणारा वेल्डर, कौतुकाची वाट बघत शेजारी उभा होता. सर्व्हेअरनं मान हलवली. आधी दुरुस्ती केलेली, फोटो नाहीत, जुने पार्ट नाहीत, क्लेम बंद. आत्याचा चहा मात्र तो पिऊन गेला.

मी मल्लिनाथला फोन लावला. तो म्हणतो, "मग चांगलंच झालं की, दादा! क्लेमच झाला न्हाय, म्हंजे तुमची माफी हाय तशी शिल्लक!" मी फोन कट केला. नाहीतर मी काय बोललो असतो ते मलाच ठाऊक.

सगळा राग आत्यावर निघाला. "हात लावू नका म्हनून मी वरडून सांगितलं हुतं का न्हाय? तुला कुणी सांगितली ही शहाणपट्टी?"

"आवस हुती," आत्या चूल फुंकत म्हणाली. "आवसंला मोडकी गाडी दारात ठिवू न्हाय."

"अमावस्येपायी माझा क्लेम घालवलास तू! ती कंपनी माफ करत हुती, आत्या! एवढे पैसे भरून माफी घेतली हुती मी!"

आत्यानं फुंकणी खाली ठेवली. माझ्याकडं वळून बघितलं.

"आवस निमित्त रं, उदया. पोरगी त्या गाडीपाशी बसून रडत हुती. मी म्हनलं, इमा हाय न्हवं? बाप कशाला बोलंल? तर म्हनली, आजी, कंपनी माफ करून इसरंल. पप्पा रोज गाडी काढताना ती खोक बगतील, आन् रोज बोलतील. तवा म्या धनाजीला हाक मारली. तुला ती दिसायलाच नगं."

माझ्याकडं उत्तर होतं. माझ्याकडं नेहमीच असतं. पण मी धनाजीकडून किल्ली घेतली आणि निघालो.

घरी गाडी लावली तेव्हा ऋतुजा दारात आली. तिनं गाडीकडं बघितलंच नाही. आधी माझ्या तोंडाकडं बघितलं. एवढ्या वर्षांत ती आधी कुठं बघते हे माझ्या कधी लक्षात आलं नव्हतं, ते आत्ता आलं.

"आत्यानं झकास करून दिली गाडी," मी म्हणालो. "किल्ली टेबलावर ठेवतोय."

सोमवारी सकाळी ती तयार होऊन बाहेर आली. हातात किल्ली होती. मी चपला घालायला लागलो, तर म्हणाली, "पप्पा, मी चालवते. पण तुम्ही शेजारी बसू नका."

लई लागलं ते. चपला काढल्या आणि गेट उघडून उभा राहिलो. गाडी दोनदा बंद पडली. तिसऱ्यांदा निघाली आणि गेटातून बाहेर पडताना डावा आरसा खांबाला घासला, कर्रर्र असा. मी तोंड उघडलं. गाडी थांबली. काचेतून ती माझ्याकडंच बघत होती.

मी तोंड मिटलं आणि हातानं खूण केली, जा. ट्रॉलीचा तो लाल दिवा कोपऱ्यावर वळेपर्यंत मी गेट धरून उभा होतो.