एक लाख बत्तीस हजारांचा गारवा

जॅकची दांडी खांद्यावर बसली, तेव्हाही गजेंद्रने मुठीतली किल्ली सोडली नाही.

"चाबी दे," रजत म्हणाला. त्याचा आवाज चढलेला नव्हता, आणि म्हणूनच गजेंद्रला त्याची अधिक भीती वाटली.

मे महिन्यातली दुपार होती. वर्ध्याला लागून असलेल्या सिंदी मेघेतल्या गजेंद्रच्या गॅरेजचे पत्रे तापून कडकड वाजत होते. पत्र्याखाली उभी असलेली काळी जर्मन गाडी देवळीचे व्यापारी भैय्याजी यांची. रजत त्यांचा मुलगा. कुलरसमोरच्या खुर्चीत त्याची आई कौशल्याबाई बसल्या होत्या. रजतच्या बहिणीला, आठवा महिना लागलेल्या प्रेरणाला, पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आणायला मायलेक नागपूरला निघाले होते. लेक या उन्हात येईल ती थंड गाडीतूनच, असा शब्द भैय्याजींनी जावयाला दिला होता. वर्ध्यापर्यंत येता येताच गाडी गरम वारा फेकू लागली, म्हणून ती इथे थांबली होती.

पंधरा दिवसांपूर्वी याच गाडीच्या एसी-दुरुस्तीच्या खर्चाचा अंदाज गजेंद्रनेच लिहून दिला होता. एक लाख बत्तीस हजार. कॉम्प्रेसर आतून झिजला होता आणि त्याचा बारीक भुगा नळ्यांमधून सगळीकडे पसरला होता. एक भाग बदलून भागणार नव्हते. सगळेच नवे घालावे लागणार होते, शिवाय या गाड्यांचा गॅसही निराळा, जुन्यापेक्षा कितीतरी महाग. "एवढ्यात तं दुसरी गाडी येते!" असे म्हणून रजत तेव्हा हसला होता.

आज कौशल्याबाई सहज बोलून गेल्या, "भाऊ, पाह्य बरं काय झालं त्याले. मागच्याच हप्त्यात नागपुरात सारं नवं टाकलं. याच्या बाबूजीनं तू लिहून देल्ले तेवढेच पैसे मोजले."

गजेंद्रने बोनेट उचलले. तपासलेल्या कॉम्प्रेसरच्या बोल्टवर पिवळ्या रंगाचा ठिपका लावून ठेवायची त्याची सवय. ठिपका तसाच होता. बोल्टला कोणाचा पाना लागलेला नव्हता; नवे काहीच घातलेले नव्हते, बाबूजींनी मोजलेले पैसे रजतकडेच राहिले होते. मग त्याने गॅसचा दाब मोजायची नळी जोडली, आणि गाडीत शिंपडलेल्या अत्तराखालून वर आलेल्या त्या वासाने त्याचे हात थांबले. त्याने किल्ली काढून घेतली आणि रजतला बाजूला नेऊन हळूच सांगितले, "रजतभाऊ, हे गाडी आता जाणार नाई. मी आधी तिच्यातला गॅस काढतो."

"तोंड बंद ठेव. थोडा तुया गॅस टाक अन् चाबी दे."

"नाई देत."

दुसरा फटका मुठीवर बसला. आत काहीतरी तुटल्याचे गजेंद्रला ऐकू आले. तो गुडघ्यांवर कोसळला. बरगडीत लाथ बसली, मग तोंडावर. मूठ पोटाशी घेऊन तो तेलकट जमिनीवर वळला.

"रजत! अरे, मारून काऊन राह्यला त्याले?" कौशल्याबाई खुर्चीतून उठल्या.

"पैसे उकळून राह्यला हा! गाडी अडवून ठेवली चोट्ट्यानं."

"मंग दे ना भाऊ चाबी. पोरगी तिकडं वाट पाहून राह्यली."

गजेंद्रने तोंडातले रक्त थुंकले. "काकू, याच्या एसीत महागड्या गॅसच्या जागी सैपाकाचा गॅस भरला हाय. नळी गळून राह्यली. एक ठिणगी पडली तं... तुमची पोरगी बसन ना याच्यात."

"खोटं बोलून राह्यला!" पुन्हा लाथ.

"नाकानंच पाहा, काकू. बोनेटपाशी या."

त्या आल्या, वाकल्या. तीस-पस्तीस वर्षे चुलीपुढे आणि शेगडीपुढे काढलेल्या बाईला तो वास ओळखायला दुसरा श्वास लागला नाही. त्या ताठ झाल्या.

"कोठीतलं भरलेलं सिलिंडर तू नेलं?"

रजतने दांडी दुसऱ्या हातात घेतली.

"तानाबाईनं चोरलं म्हणत होता तू. अठरा वर्षं रांधलं तिनं आपल्या घरी. मी झापड मारली तिले. तू केस धरून फाटकाबाहेर ओढलं, रजत."

"आई, गप बस!" त्याने त्यांना ढकलले. मनगट बोनेटच्या कडेवर आपटले, बांगड्या फुटल्या, आणि हिरव्या काचांमधून रक्त कोपरापर्यंत ओघळले. रजतने तिकडे पाहिले, पण दांडी खाली केली नाही. तो गजेंद्रकडे वळला. "शेवटचं सांगतो."

कौशल्याबाई दोघांच्या मध्ये जमिनीवरच बसल्या. गजेंद्रच्या मुठीवर त्यांनी आपला रक्ताळलेला हात ठेवला.

"मार. आता मले मार."

दांडी वर गेली. गजेंद्रने डोळे मिटले. फटका बसला तो गाडीच्या पुढच्या काचेवर. मग दुसरा, तिसरा, काच आत कोसळेपर्यंत. दांडी फेकून रजत उन्हात चालता झाला.

गजेंद्र डाव्या हाताने भिंत धरत उठला. "काकू, बाहेर चाला. दूर. इथलं कोणतंच बटन चालू-बंद करू नका, ठिणगी पडन."

रस्त्यापलीकडच्या निंबाखाली कौशल्याबाईंनी फोन लावला. "प्रेरणा, गाडी येत नाई. तू तिथंच राह्य... काऊन ते मंग सांगतो. तुया बाबूजीले बी मीच सांगतो."

फोन ठेवून त्यांनी गजेंद्रचा हात मांडीवर घेतला आणि एकेक बोट सोडवू पाहिले. मूठ निळी पडून फुगली होती. बोटे उघडेनात.

"राहू दे," त्या म्हणाल्या. "चाबी असू दे तुयापाशीच. दवाखान्यात काढतीन." आणि समोरून येणाऱ्या ऑटोला त्यांनी बांगड्या नसलेला हात दाखवला.