डबीतला तांबूल

"आ करा," भूल देणाऱ्या डॉक्टरबाई म्हणाल्या.

व्यंकटीने तोंड उघडलं. बाईंनी आत बॅटरी मारली. जीभ लालभडक. उपाशी आहात का, हे विचारायची गरजच उरली नाही. हातच्या काकणाला आरसा कशाला?

तरी त्यांनी विचारलं. पलंगाशी उभी असलेली त्याची बायको शिवकांता लगबगीने म्हणाली, "काईच न्हाई दिलं, म्याडम. पान्याचा थेंबबी न्हाई. रेणुकामायची आन."

नांदेडच्या दवाखान्यात व्यंकटीचं ऑपरेशन पुढे ढकललं जाण्याची ही तिसरी खेप. पहिल्यांदा साखर तीनशे चाळीस निघाली, दुसऱ्यांदा तीनशे सत्तर, आणि आज ही जीभ. या दहा दिवसांत पायाच्या दोन बोटांचा काळेपणा घोट्यापर्यंत चढला होता.

शिवकांता खोटं बोलत नव्हती. तिच्या कमरेच्या पिशवीत माहूरच्या तांबुलाची डबी होती. सकाळ-संध्याकाळ आंघोळ करून, हात जोडून, ती तो कुटलेला गोड विडा मूठभर नवऱ्याच्या तोंडात घालायची. आज पहाटेही घातला होता. देवीचा प्रसाद कुणी खाण्यात धरतं का? एक डबी संपायच्या आत मुलगा शिवशंकर गडावरून दुसरी घेऊन यायचा.

"म्या खाल्लं," व्यंकटी म्हणाला. "बाजूवाल्याच्या पावन्याकडून गोड पान मागून. रोजच खातो."

शिवकांता काही बोलणार, तोच नवऱ्याने तिच्याकडे रोखून पाहिलं. तिचा हात कमरेच्या डबीशी गेला. तेव्हा कुठे तिला कळलं.

"पायात पू असला की साखर चढतेच, त्यात तुमचं हे!" बाई चिडल्या. "आता बोटांवर भागणार नाही. उद्या गुडघ्याखालून पाय काढावा लागेल."

दुपारी आलेल्या शिवशंकरला सिस्टरने सगळं सांगितलं.

"जिभेपायी पाय घालवलास, बा!" तो वॉर्डभर ऐकू जाईल असा ओरडला. व्यंकटी खाली मान घालून ऐकत राहिला.

मुलगा औषधं आणायला गेल्यावर शिवकांता पलंगाच्या कडेला टेकली.

"तुमाला ठावं व्हतं? त्यात गोड असतंय म्हून?"

"जिभेला कळत न्हाई व्हय?"

"मंग मला न्हाई का म्हनलं न्हाई?"

"न्हाई म्हनलो असतो अन् पाय गेला असता, तर जलमभर म्हनली असतीस, मायचा प्रसाद नाकारला म्हून गेला."

तिला आपलेच हात तोडून टाकावेसे वाटले. त्याच हातांनी ती त्याच्या पायांवरची चादर सारखी करत राहिली.

दुसऱ्या दिवशी साखर एकशे सत्तर निघाली. ऑपरेशन थिएटरच्या दाराशी स्ट्रेचर थांबलं. शिवशंकरचा कालचा राग रात्रीतून उतरला होता, डोळे सुजले होते.

"माय, बाच्या तोंडात प्रसाद घाल की जरासा. म्या परवा आनलेली डबी हाय न्हवं?"

व्यंकटीने बायकोकडे पाहिलं. तिने कमरेची डबी मुठीत घट्ट धरली. डबी अजून अर्धी भरलेली होती.

"संपला, बाळा," ती म्हणाली.